विद्यापीठं विज्ञान-अभियांत्रिकी लोकांपर्यंत नेण्यासाठी संशोधकांना खरंच मदत करतात, की वर्षातून एकदा प्रयोगशाळा उघडून मोकळी होतात?

दोन्ही जातींची विद्यापीठं असतात. ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: हे काम बढतीच्या वेळी धरलं जातं का? नसेल, तर तरुण प्राध्यापक चार दिवस हौसेनं राबतात आणि मग शोधनिबंधांच्या मागे लागतात. त्यांचं काय चुकलं?

मी अभियांत्रिकी विभागात आहे. खुल्या दिवशी आमच्या टेबलावर बारीक लाकडी पट्ट्यांचा पूल असतो आणि त्यावर आम्ही एकेक वजन चढवत जातो. पूल धड असेपर्यंत लोक बघून पुढे सरकतात. तो करकरायला लागला की गर्दी जमते आणि मोडला की खरे प्रश्न सुरू होतात. आधी कुठला सांधा गेला? खऱ्या पुलाचं हे आधी कळतं का? पण त्या एका टेबलासाठी पट्ट्या कापून देणारा कार्यशाळेतला माणूस लागतो, सुरक्षेची परवानगी लागते, ढलप्या उडतात म्हणून चष्मे लागतात. शिवाय समीकरण न लिहिता ताण आणि दाब समजावणारे विद्यार्थी लागतात, आणि ते शिकवल्याशिवाय तयार होत नाहीत. क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केलेली 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धा त्यासाठी चांगली आहे: पीएचडीचं सगळं काम तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडवर. मला स्पर्धा म्हणून ती तितकीशी आवडत नाही, पण काय गाळायचं ते तिथे नीट कळतं.

ऑक्सफर्डनं तर १९९५ मध्ये लोकांना विज्ञान समजावण्यासाठी स्वतंत्र प्राध्यापकपदच निर्माण केलं. त्यावर पहिले आले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं जे राष्ट्रीय मूल्यमापन होतं, त्यात २०१४ मध्ये विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामाला २० टक्के वजन मिळालं, २०२१ मध्ये २५ टक्के. निधी अशा आकड्यांवर ठरायला लागला, की एरवी ढिम्म असलेल्या प्रशासनालाही समाज आठवतो.

मात्र नुसतं 'आम्ही सांगतो, तुम्ही ऐका' असेल तर त्यात अर्धीच मजा. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात 'सायन्स शॉप' काढली. तिथे नागरिकांच्या संघटना आपले प्रश्न घेऊन येतात, आणि विद्यार्थी-संशोधक त्यांवर काम करतात. २००७ मध्ये ऑक्सफर्डसह काही विद्यापीठांच्या खगोलशास्त्रज्ञांनी 'गॅलक्सी झू' सुरू करून दीर्घिकांची छायाचित्रं वर्गीकरणासाठी सरळ लोकांपुढे ठेवली. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एक विचित्र ढग दिसला. तिनं विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनी त्याकडे दुर्बिणी वळवल्या, आणि तो ढग आज तिच्याच नावानं ओळखला जातो.

तुम्ही स्वतः संशोधक असाल तर या कामाची रक्कम अनुदानाच्या अर्जातच मागा. मागाहून विभागाकडे गेलात तर चहा-बिस्किटांपुरतेच पैसे सुटतात.