उतार शिकून जा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा तक्ताही पाहिला. ऑगस्टमध्ये नऊ दिवस स्वित्झर्लंड, त्यात पाच गावं, आणि त्याआधी सह्याद्रीत ‘जमतील तसे ट्रेक’. बसच्या खिडकीतून डोंगर बघण्याऐवजी ते पायी बघायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितोय.

पाचपैकी चार गावं खोडून टाक. गाव बदललं की अर्धा दिवस हातचा जातो. बॅगा भरा, दहा-अकराला खोली सोडा, सामान ओढत दोन गाड्या बदला, आणि पुढची खोली दुपारी तीनशिवाय मिळत नाही. गेलेला वेळ नेमका सकाळचा, म्हणजे चालायचा असतो. बर्नीज ओबरलांड भागातलं लाउटरब्रुनेन, वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्ड यांपैकी एक गाव धरा आणि मुक्काम हलवू नका. तिथून रेल्वे आणि केबल कार तुम्हाला थेट दोन हजार मीटरवर नेऊन सोडतात. हाफ फेअर कार्ड काढलं की गाड्या, बस, बोटी आणि बहुतेक केबल कारना निम्मं भाडं पडतं. मुक्काम एकाच जागी असला की उद्या कुठे जायचं हे आज संध्याकाळी अंदाज बघून ठरवता येतं. युंगफ्राउयोख या उंचावरच्या रेल्वे स्टेशनचं महागडं तिकीट तर आधी काढूच नका. सकाळी उठून वरचा वेबकॅम बघा, ढग नसतील तरच निघा. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. आपण समुद्रसपाटीजवळून किंवा पुण्यासारख्या साडेपाचशे मीटरवरून जातो, त्यामुळे वर डोकं दुखणं, धाप लागणं साहजिक असतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी तिथे जाऊ नका आणि वर गेल्यावर जिने चढायची घाई करू नका.

आता वाटांविषयी. तिथली पिवळी पाटी फक्त वेळ सांगते, किलोमीटर सांगत नाही. ती वेळ सपाटीला ताशी ४.२ किलोमीटर धरून, चढ-उताराचा हिशेब घालून काढलेली असते आणि तिच्यात विश्रांतीचं एक मिनिटही नसतं. फोटो, पाणी, डबा, बुटाची नाडी हे सगळं तुमचं तुम्ही वाढवायचं. तुमच्यासाठी पाटीवरच्या वेळेची दीडपट धरा. पाटी ४ तास म्हणाली की ६ तास समजा. मग शेवटच्या केबल कारच्या वेळेपासून उलटं मोजा: शेवटची ६ वाजता असेल तर ५ला स्टेशनात पोचायचं ठरवा, म्हणजे ११ला निघून काठावरच पोचाल. ९ला निघा. खालच्या स्टेशनात ‘लेट्झ्टे टालफार्ट’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे खाली जाणारी शेवटची फेरी. सकाळी वर जातानाच त्या वेळेचा फोटो काढून ठेवा. ती चुकली तर आठशे-हजार मीटर अंधारात, थकल्या गुडघ्यांनी उतरावं लागतं.

साध्या पिवळ्या वाटा कुणालाही जमतात. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: अरुंद, कुठे घसाऱ्याची, कुठे दरीच्या कडेची. राजगड-तोरणा चालणाऱ्याला ती जमते. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की मागे फिरायचं. तिथे हिमनदी, कातळारोहण, दोर हे सगळं येऊ शकतं. स्विसटोपो या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचं मोफत ॲप घ्या. त्यात सगळ्या वाटा आणि बंद असलेल्या वाटाही दिसतात. नकाशाचा तेवढा भाग फोनमध्ये उतरवून ठेवा.

पहिल्या दिवशी ग्रुचआल्प ते म्यूरेन चाला, सव्वा तासाची सोपी वाट. दुसऱ्या दिवशी मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग. साडेचार किलोमीटर, बहुतेक हलका उतार आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तीन शिखरं. मग ग्रिंडेलवाल्डच्या वरच्या फिर्स्ट या केबल कार स्टेशनहून बाखआल्पझे तळं, जायला तासभर. यानंतर पाय काय म्हणतात ते बघून आयगर ट्रेल. आयगरग्लेचर स्टेशनपासून आल्पिग्लेनपर्यंत सुमारे ६ किलोमीटर, आयगरच्या उत्तर भिंतीच्या पायथ्याशी, आणि उतार ७०० मीटर.

तुझ्या तक्त्यात ही वाट ‘सोपी, फक्त उतरायचं आहे’ म्हणून पहिल्याच दिवशी टाकली आहेस. आमचा सगळा आग्रह इथेच आहे. चढताना फक्त दम लागतो आणि दोन मिनिटं थांबलं की तो परत येतो. उतरताना मात्र दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. ते त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, जेव्हा हॉटेलचा जिना धरून उतरावा लागतो. पहिल्या दिवशी ७०० मीटर उतरलात तर पुढचे दोन दिवस गेले म्हणून समज. स्नायूला हा ताण आधी थोडाथोडा देत गेलं तर तो दुखणं सोसायला शिकतो आणि ते शिकणं काही आठवडे टिकतं. म्हणून सराव चढायचा नको, उतरायचा हवा.

त्यासाठी सिंहगडासारखी शाळा नाही. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर सुमारे सहाशे मीटर चढ, म्हणजे आयगर ट्रेलच्या उताराएवढाच जवळजवळ. पुण्यातली निम्मी मंडळी धापा टाकत चढतात, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातात आणि जीपने खाली येतात. म्हणजे जो भाग शिकायचा तोच सोडून देतात. तुम्ही पायीच उतरा. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला चढायला लागा, म्हणजे ऊन तापायच्या आत खाली याल. पहिल्या आठवड्यात पाठीवर फक्त पाणी, मग दर आठवड्याला एक किलो वाढवत पाच-सहा किलोपर्यंत. एरवी तुमच्या बारा मजली इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. पाच फेऱ्यांत पावणेदोनशे मीटर उतार होतो. शेवटचा मोठा उतार निघायच्या दहा-बारा दिवस आधी करा. त्यानंतर नको, नाहीतर दुखरे पाय घेऊन विमानात बसाल.

उतरताना पाऊल छोटं टाका. लांब पाऊल टाकलं की टाच पुढे आपटते, गुडघा सरळ होतो आणि सगळा धक्का सांध्यात जातो. गुडघा किंचित वाकलेला, छाती थोडी पुढे, वजन पावलाच्या बरोबर वर. घसरायच्या भीतीने माणूस मागे रेलतो आणि मागे रेलल्यामुळेच बूट पुढे सटकतो. मुरूम आणि घसाऱ्यावर हे फार होतं. काठ्या दोन घ्या. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उताराला ५ ते १० सेंटीमीटर जास्त, चढाला तेवढीच कमी. काठी आधी टेकवायची, मग पाऊल. विमानात त्या मोठ्या सामानात टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो. ट्रेकचे मोजे घालून, दुकानातल्या उतरत्या फळीवर उभं राहून बोटं पुढे टेकतात का ते बघा. टेकत असतील तर आयगर ट्रेलनंतर नखं काळी पडणार. टाच वर सरकत असेल तर सर्वांत वरच्या छिद्रांत नाडीचे फास करून त्यांतून उलट्या बाजूची नाडी ओढा, टाच बसते. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा. आणि तुझ्या जोडीदाराचे जे पाच वर्षांपूर्वीचे, एकदाच घातलेले भारी बूट कपाटात आहेत म्हणतेस, ते नेऊ नका. मधल्या थराचं पॉलियुरेथेन दमट हवेत नुसतं पडून कुजतं. वरून बूट नवा दिसतो आणि डोंगरात दोन तासांत तळवा सुटून लोंबायला लागतो. अंगठ्याने मधला थर दाबून बघ: भुगा निघाला किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो बूट संपला.

तू लिहिलंयस की तो भराभर पुढे जातो, तू मागे राहतेस आणि मग दिवसभर चिडचिड होते. यात कुणाचा स्वभाव वाईट नाही, नुसती चालण्याची पद्धत चुकते आहे. तो पुढे जाऊन दगडावर पाच मिनिटं बसतो, तू पोचतेस आणि तो म्हणतो, ‘चला.’ म्हणजे ज्याला विश्रांती कमी हवी त्याला पाच मिनिटं आणि जिला जास्त हवी तिला शून्य. दिवसात असं दहा वेळा झालं की तू खरोखरच दमतेस. म्हणून हळू चालणारा नेहमी पुढे. घड्याळ लावून पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बैठक, आणि बैठक दोघंही टेकल्यावरच सुरू. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग. काही कारणाने अंतर पडलंच तर प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा नजरेत आल्याशिवाय वाट बदलायची नाही.

ओझं समान वाटू नका, अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा: तुझ्याकडे पाच-साडेपाच किलो, त्याच्याकडे साडेसात. पण पाणी, रेनकोट, शिट्टी, थोडा खाऊ, नकाशा असलेला फोन आणि परतीचं तिकीट हे प्रत्येकाचं वेगळं. चुकामूक झाली तर ज्याच्याकडे काहीच नाही तो अडकतो. परत फिरायची वेळही निघतानाच ठरवा: ‘दीड वाजला की आहोत तिथून मागे.’ आणि दोघांपैकी एक जरी म्हणाला की फिरूया, तर फिरायचं. कारण विचारायचं ते खाली आल्यावर, चहा घेताना.

पाऊस सुरू झाल्यावर घरचे डोंगर वेगळे होतात. कातळावर शेवाळ धरतं, धुक्यात मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक कळेनासा होतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जा, टोलार खिंडीची वाट पावसाळ्यात नवख्यांनी टाळावी. पायथ्याच्या गावात विचारा, ‘वाट मोडली का?’ आणि वाटाड्या सोबत घ्या. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ होऊन चढत असेल तर ओलांडू नका, ते उतरेपर्यंत थांबा. पार करावंच लागलं तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. कळसूबाई, आपलं १,६४६ मीटरचं सर्वोच्च शिखर, बारी गावाकडून करा, पण शनिवार-रविवार सोडून, कारण शिड्यांवर रांग लागते आणि ओल्या लोखंडावर घाई धोक्याची. उन्हाळ्यात कड्याखाली मधमाश्यांची पोळी असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

आल्प्समध्ये भीती दुपारच्या विजांची. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असते आणि दोननंतर गडगडायला लागतं. शिनिगे प्लाटे ते फाउलहॉर्नमार्गे फिर्स्ट ही १६ किलोमीटरची, सहा तासांची वाट तिथली सर्वांत सुंदर, पण २,६८० मीटरपर्यंत उघड्या धारेवरून जाते. पाटीचे सहा तास म्हणजे तुमचे नऊ. वादळाचा जरा जरी अंदाज असेल तर तो दिवस सोडा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर धार सोडून खाली उतरा, काठ्या बाजूला ठेवा. वासरांसोबतच्या गाईंना लांबून वळसा घाला. त्यांच्या मध्ये कधी जाऊ नका, आणि कुंपणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या. मदतीसाठी ११२, आणि हेलिकॉप्टर बचावाच्या रेगाचा नंबर १४१४. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, नको असेल तर एक वर आणि एक खाली. उत्साहात हात हलवत बसू नका. विम्याला व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच, पण त्यात डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च येतो का, हे लेखी विचारून घ्या. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात तारखा भराभर संपतात, तेव्हा आत्ताच बघा.

खाण्याचं थोडक्यात. दुकानं रविवारी बहुतेक बंद, फक्त मोठ्या स्टेशनातली उघडी, म्हणून शनिवारीच ब्रेड-फळं भरून ठेवा. आईने दिलेले तुपातले लाडू नेऊ नका, दुधातुपाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. राजगिऱ्याची चिक्की, दाण्याची चटणी, मेतकूट, भडंग चालेल. गावातल्या दगडी हौदांचं पाणी बेलाशक प्या, ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथे मात्र नाही.

या रविवारी बूट घ्या आणि पुढच्या रविवारी आतकरवाडी. व्हिसाची तारीख मिळाली की कळव, नकाशा घेऊन फाउलहॉर्नचा दिवस एकत्र बसून आखू.

तुझे,
काका-काकू