मानेच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी हात वर जाईना, डॉक्टरांचं काही चुकलं का?

बाबांची मागून लॅमिनेक्टमी (मज्जारज्जूवरचा दाब कमी करायला मानेच्या मणक्यांचा मागचा हाडाचा भाग काढणं) झाली, दोन दिवस हात ठीक होता आणि तिसऱ्या दिवशी उजवा खांद्यातून उचलेनासा झाला, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्याला फिजिओथेरपी करते. फाइल न बघता चूक कोणाची ते सांगणार नाही, पण हे वर्णन सी-५ पाल्सीशी, म्हणजे मानेतल्या पाचव्या नसेच्या अशक्तपणाशी जुळतं. ऑपरेशन व्यवस्थित होऊनही शंभरात साधारण पाच जणांना ती होते, आणि बहुतेकदा अशीच, पहिल्या काही दिवसांत उशिरा.

नेमकं कारण अजून वादात आहे. दाब सुटल्यावर मज्जारज्जू मागे सरकतो, त्यात आखूड असलेली सी-५ ची नस ताणली जाते, हे मला त्यातल्या त्यात पटतं. खांदा उचलणारा स्नायू मुख्यतः याच नसेवर चालतो. म्हणून मूठ घट्ट वळते, पण पेला तोंडापर्यंत जात नाही.

माझ्याकडे आलेल्या डिचोलीच्या एका काकांचा पहिला प्रश्न होता, ‘चवथीला माटोळी बांधता येईल मगो?’ माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांनी सजवलेली चौकट. त्या वर्षी भाच्याने बांधली. काका खुर्चीत बसून सुपाऱ्यांचे घोस कुठे लावायचे ते सांगत होते. पुढच्या चवथीला हात डोक्यावर गेला, थोडा थरथरत. बहुतेकांचा हात सहा महिने ते दोन वर्षांत बराच सुधारतो, सगळ्यांचा पूर्ण नाही.

तोवर खांदा आखडू देऊ नका. सर्जनना विचारून दुसऱ्याने हात धरून हलवायचे व्यायाम रोज करा, बसताना हाताखाली उशी ठेवा. उठवताना काखेत हात घालून ओढू नका. घरची माणसं प्रेमाने नेमकं हेच करतात!

मात्र आज सर्जनना दाखवाच. एमआरआय लागेल का ते तेच ठरवतील. अशक्तपणा दुसऱ्या हातात किंवा पायांत उतरला, लघवी अडली, मान सुजली वा श्वास लागला, तर आत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. ओपीडीची वाट बघू नका, १०८ बोलवा आणि ऑपरेशन झालं तिथे किंवा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या. डिस्चार्जचे कागद आणि जुना एमआरआय सोबत असू द्या.