वडिलांच्या घोरण्याचा आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या सुजेचा खरंच संबंध असतो का?

भाऊ, वडिलांना बारा वर्षांपासून शुगर, त्यात पडद्याला सूज, आणि डोळ्यांचे डॉक्टर विचारतात "रात्री घोरतात का?" हे ऐकून तुम्ही चक्रावलात, असं लिहिलंय. प्रश्न मुद्द्याचाच होता. मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. सर्जन नाही, छातीचा डॉक्टरही नाही, पण शुगरचे पेशंट रोजचेच.

नुसतं घोरणं वेगळं. पाहायचं ते मध्येच श्वास थांबणं, म्हणजे स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही. असं दहा सेकंद किंवा जास्त चाललं की रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि माणूस गुदमरून दचकतो. तासाला 5 पेक्षा कमी वेळा झालं तर चालतं, 30 च्या वर गेलं तर आजार गंभीर.

आता पडदा. शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी तो एक, आणि गंमत म्हणजे अंधारात त्याची भूक आणखी वाढते. शुगरने त्याच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब केलेल्या. म्हणजे रात्री गरज जास्त, तेव्हाच पुरवठा तुटतो. उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्याने वाहिन्या पाझरतात आणि सूज येते. डोळ्यात देतात ते इंजेक्शन याच प्रथिनाविरुद्ध असतं. शिवाय श्वास अडकण्याने बीपी आणि शुगर दोन्ही बिघडतात, ते वेगळंच.

पुरावा म्हणाल तर बर्मिंगहॅममध्ये मधुमेहींवर झालेल्या, 2017 साली छापून आलेल्या अभ्यासात असा झोपेचा आजार असणाऱ्यांचा पडदा जास्त वेगाने बिघडलेला दिसला. पण ब्रिटनमध्येच सूज असलेल्यांना वर्षभर सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, देऊन पाहिलं, तर नजरेत फारसा फरक पडला नाही. म्हणून मशीनच्या भरवशावर इंजेक्शन किंवा लेझर पुढे ढकलू नका. इथे मी अडूनच बसतो. सीपॅप झोपेसाठी, बीपीसाठी, दिवसाच्या पेंगेसाठी घ्यायचं; डोळ्याचा इलाज डोळ्यावरच.

पेशंटला विचारून काही कळत नाही, तो झोपलेला असतो. मी बाहेर बाकावर बसलेल्या काकूंना विचारतो. एक जण म्हणाल्या, "जोरात घोरते, मंग एकदम गप. मी नाकाखाली हात धरून पायतो, हाय का नाही म्हणून." निम्मं निदान तिथेच झालं. तुम्ही आईला हेच विचारा, आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. उन्हाळ्यात अंगणात खाटेवर झोपत असतील तर सोपंच आहे. रात्री लघवीला तीन-चारदा उठणं आपण सरसकट शुगरच्या माथी मारतो. ते श्वास अडकण्यानेही होतं. सकाळी डोकं दुखणं, एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागणं, हेही डॉक्टरांना सांगा. अंगाने सडपातळ आहेत म्हणून सोडून देऊ नका, जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही हे होतं.

झोपेची तपासणी तालुक्याला सहसा होत नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात छातीच्या विभागात विचारा. तोवर कुशीवर झोपवा, रात्रीची दारू आणि स्वतःहून घेतलेली झोपेची गोळी बंद.

मशीन लागलंच तर लाइटचा प्रश्न आधी सोडवा. आपल्याकडे रात्री लाइट जाते, आणि मास्क काढून ठेवला की तो पुन्हा कोणी लावत नाही. इन्व्हर्टरवर चालेल का, हे दुकानदाराला लावून दाखवायला सांगा. हवा ओलसर करायला मशीनमध्ये पाणी गरम करणारा भाग असतो, तो बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त टिकते. आणि पडदा तपासायला जाताना सोबत कोणीतरी जा. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, परत येताना वडिलांना स्वतः गाडी चालवू देऊ नका.