मक्ता कोण देतो?

‘मक्तेदारी’ आणि ‘एकाधिकार’ यांत फरक काय, आणि स्पर्धा कायदा मक्तेदारीवर बंदी घालतो असे म्हणणे योग्य आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, तरी हे विधान चर्चांमधून सतत कानांवर आदळते. स्पर्धा अधिनियम, २००२ चे कलम ४ बाजारातील वर्चस्वाला हात लावत नाही. ते वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करते. ‘मक्तेदारी’ त्याआधीच्या, १९६९ च्या कायद्याच्या नावात होती. तो कायदा २००९ मध्ये रद्द झाला, शब्दाची सवय मात्र सुटली नाही.

मूळ पाहावे तर अरबीत ‘कत्अ’ म्हणजे कापणे. त्यावरून मक्ता, म्हणजे ठरावीक रकमेवर तोडून दिलेला हक्क. गझलेचा शेवटचा शेर, मक्ता, तोही याच धातूचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूलवसुलीचे मक्ते चढी बोली लावणाऱ्यांना दिले गेले आणि रयत भरडली गेली. म्हणजे मक्त्यामागे देणारा असतोच. मक्तेदारी अरबी म्हणून टाकून द्या, एकाधिकार म्हणा, असे सांगणारे शुद्धिवादी नेमका हाच देणारा पुसून टाकतात, कारण एकाधिकारात केवळ एकटेपणा उरतो.

माझ्या मते आजच्या डिजिटल बाजारात मोठी कंपनी मक्तेदार नसून मक्ता देणारी झाली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात: ज्या फोन उत्पादकांना प्ले स्टोअर हवे, त्यांना गूगलची इतर ॲपही फोनमध्ये आधीच बसवून द्यावी लागत. ग्राहकाला त्या ॲपसाठी वेगळा रुपयाही मोजावा लागत नव्हता. अमेरिकी कायदेतज्ज्ञ रॉबर्ट बोर्क यांनी १९७८ मध्ये ग्राहककल्याण हाच स्पर्धा कायद्याचा एकमेव हेतू ठरवला. त्यांच्या अनुयायांनी ते कल्याण मुख्यतः किमतीत मोजले, आणि फुकट सेवेपुढे ते माप निरुपयोगी ठरते. अमेरिकी कायदेअभ्यासक लीना खान यांनी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या संदर्भात किमतीच्या याच मापावर आक्षेप घेतला, आणि तो मला पूर्णपणे पटतो. आपल्याकडेही बोर्क यांचीच री ओढणाऱ्या जाणकारांनी अधिनियमाची उद्देशिका पुन्हा वाचावी: तेथे ग्राहकांच्या हितासोबत बाजारातील इतर सहभागींचे व्यापारस्वातंत्र्यही स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे.