हातची विद्या आणि ओढ्याचा पत्ता

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. सुटीत न्यू यॉर्क राज्यातील कॅट्स्किल डोंगरांत फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे गळावर पिसे-दोरा बांधून केलेल्या कीटकासारख्या आमिषाने (फ्लायने) मासे धरण्यासाठी जातो. बीव्हरकिल नदीवर एका वृद्ध गृहस्थांनी, काहीही ओळख नसताना, मला लाइन (गळाची दोरी) टाकायला शिकवले आणि स्वतः बांधलेले दोन फ्लाय दिले. पैसे मात्र घेतले नाहीत. आता आमच्या महाराष्ट्र मंडळातील काही तरुणांना माझ्याकडून शिकायचे आहे आणि मला माहीत असलेल्या एका लहानशा ओढ्याची जागाही हवी आहे. त्यांना किती सांगावे? आणि त्या गृहस्थांचे ऋण कसे फेडावे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : विद्या काहीही राखून न ठेवता द्यावी आणि जागा जपून सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण ज्या खोऱ्यात जाता, तेथील ही कला देण्याघेण्यावरच उभी राहिली आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक हाल्फर्ड यांचे तरंगत्या फ्लायवरचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले. त्यातील पुष्कळसे ज्ञान जॉर्ज मॅरियट यांच्याकडून आलेले होते, तरीही सहलेखक म्हणून नाव घालू देण्यास मॅरियट यांनी नकार दिला. याच हाल्फर्ड यांनी १८९० मध्ये अमेरिकेतील थिओडोर गॉर्डन यांना पत्रासोबत आपल्या फ्लायचे नमुने पाठवले. इंग्लंडच्या संथ नद्यांसाठी केलेले ते नमुने कॅट्स्किलच्या खळाळत्या पाण्याला जसेच्या तसे उपयोगी नव्हते. म्हणून गॉर्डन यांनी तेथील कीटक न्याहाळून स्वतःचे फ्लाय बांधले. ती कला त्यांनी टपाल खात्यातील रॉय स्टीनरॉड यांना शिकवली. स्टीनरॉड यांनी पुढे ‘हेन्ड्रिक्सन’ हा फ्लाय घडवला आणि अनेक मुलांना फ्लाय बांधायला शिकवले.

विद्या दडवून ठेवणारेही होतेच. रूब क्रॉस या नामांकित कारागिराने शिकवण्यास नकार दिला, तेव्हा वॉल्ट आणि विनी डेटी व हॅरी डार्बी या तरुणांनी त्यांचेच फ्लाय विकत आणून दोऱ्याचा एकेक वेढा उलगडत ते कसे बांधले आहेत हे शोधून काढले. यातील डार्बी यांची पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरंगत्या फ्लायचा सारा भार हॅकलवर, म्हणजे कोंबड्याच्या मानेवरच्या पिसावर असतो. ते पीस गळाच्या दांडीभोवती उभे गुंडाळले की त्याचे तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतात आणि फ्लायला पाण्याच्या पृष्ठभागावर तोलून धरतात. तंतू मऊ असले तर ते पाणी शोषतात आणि फ्लाय बुडतो. अशी ताठ, निळसर राखाडी पिसे मिळावीत म्हणून डार्बी यांनी वर्षानुवर्षे कोंबड्यांची निवड करून वाण तयार केले आणि १९५४ मध्ये त्याची अंडी मिनेसोटातील अँडी मायनर यांना दिली. मायनर यांनी ते वाण सुधारून इतरांना वाटले. आज दुकानात मिळणाऱ्या उत्तम हॅकलपैकी बरेचसे याच वंशातील कोंबड्यांचे असते. डार्बी यांनी ती अंडी स्वतःपाशीच ठेवली असती, तर ते वाण बहुधा त्यांच्या खुराड्याबाहेर गेलेच नसते.

म्हणून त्या तरुणांना मोकळ्या मनाने शिकवा. नुसता फ्लाय देऊ नका, तो समोर बांधून दाखवा. प्रवाहाने लाइन ओढली की फ्लाय पाण्यावर फरफटतो आणि ट्राउट मासा त्याकडे पाठ फिरवतो, हे त्यांना नदीवरच दाखवा; लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला कशी टाकायची, हे शब्दांनी सांगून समजत नाही. त्याचबरोबर, पाणी वीस अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की मासेमारी थांबवायची, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा मरतो, हेही पहिल्याच दिवशी सांगा.

ओढ्याचे मात्र वेगळे आहे. गळाने मासेमारी करण्याविषयीचा एक प्रबंध १४९६ मध्ये इंग्लंडमध्ये छापला गेला. स्वस्त, सुटी पुस्तिका आळशी माणसांच्या हाती पडून माशांचा नाश होऊ नये, म्हणून तो एका मोठ्या ग्रंथात समाविष्ट केल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. केवळ श्रीमंतांनाच परवडेल अशी ती सोय मला पटत नाही. त्यामागची काळजी मात्र खरी आहे. अरुंद ओढ्यातील ब्रूक ट्राउट मोजकेच असतात आणि रोजची वर्दळ त्यांना सोसत नाही. तेव्हा सुरुवातीला सर्वांना रॉस्को गावाजवळ, बीव्हरकिल आणि विलोवेमॉक यांच्या या नद्यांच्या संगमावरील ‘जंक्शन पूल’ नावाच्या डोहावर न्या. ती जागा सर्वांना ठाऊक आहे. ओढ्याबद्दल कोणी विचारलेच, तर खोटी दिशा दाखवू नका, ‘सध्या सांगत नाही’ असे सरळ म्हणा. ज्याचा हात आणि संयम आपण स्वतः पाहिला असेल, त्याला पुढे सोबत घेऊन जा आणि तो पत्ता इतरांना न देण्याचे वचन आधी घ्या.

त्या गृहस्थांना पैसे देऊ करू नका, त्यांना ते आवडणार नाही. हेन्ड्रिक्सन फ्लाय ज्यांची नक्कल करतो, ते कीटक एप्रिलच्या अखेरीस पाण्यावर येऊ लागतात. तोवर चार हेन्ड्रिक्सन स्वतः बांधा, त्यांना नेऊन द्या आणि नव्या विद्यार्थ्यांची त्यांच्याशी ओळख करून द्या.