उत्सुकता 'शिगेला'च का पोचते?

प्रश्न असा आलाय. प्रभास नायक असलेल्या 'कल्की २८९८ एडी' या तेलुगू सायफाय (विज्ञानकथेच्या) सिनेमाच्या दुसऱ्या भागावरून मित्रमंडळीत रोज काथ्याकूट चाललाय, त्यात कुणीतरी लिहिलं की 'पार्ट टूची उत्सुकता शिगेला पोचलीय', लगेच दुसऱ्याने टोकलं की शिगेला असं काही नसतं, 'शिखराला' म्हण, तिसऱ्याचं म्हणणं की शब्द बरोबर आहे पण 'शीगेला' असा दीर्घ लिहायला हवा, आणि चौथ्याने विचारलं की कुतूहल, उत्सुकता, उत्कंठा, आतुरता सगळं एकच तर आहे, कुठलाही वापरला तर काय बिघडलं?

'शिगेला' बरोबर आहे, ऱ्हस्वच बरोबर आहे, आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बरंच बिघडतं. पण ते नीट सांगायचं तर आधी शीग बघावी लागेल.

ती शीग, स्त्रीलिंगी. धान्य वजनावर न विकता मापाने मोजायचे तेव्हाचा शब्द आहे, शेर, अधोली, पायली ही ती मापं (४ शेरांची १ पायली). माप काठापर्यंत भरलं की मोजणारा दोनपैकी एक करायचा, एकतर काठावरून हात फिरवून वरचं धान्य पाडायचं आणि माप सपाट करायचं, नाहीतर काठाच्याही वर ओतत राहायचं, म्हणजे वर टोकदार ढीग उभा राहतो. तो काठावरचा ढीग म्हणजे शीग. घेणाऱ्याला शीग लावलेलं माप हवं असायचं आणि देणाऱ्याचा हात सपाट करायला शिवशिवायचा, त्यावरून बाजारात कटकटी व्हायच्या. 'शिगोशीग भरलं' हा शब्दही तिथलाच. आता ती मापं घरातून गेली, लग्नात नवरी उंबऱ्यावर ओलांडते ते माप तेवढं राहिलं, त्यामुळे शीग हा शब्द एकटा कुणी वापरत नाही, 'शिगेला पोचणे' या एकाच प्रयोगात तो तग धरून आहे, म्हणून तो चुकीचा वाटतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं अगदी सोपं आहे. वीट-विटेला, जीभ-जिभेला, भीक-भिकेला, तसं शीग-शिगेला, विभक्ती लागली की पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं. काही जण 'शिंगेला' लिहितात, त्याचा शिंगाशी काही संबंध नाही. आणि 'टिपेला' हा वेगळाच, टीप आवाजाची असते, वरच्या पट्टीतला सूर तो टिपेचा सूर, त्यामुळे थिएटरात प्रभासच्या एन्ट्रीला ओरडा टिपेला पोचतो, उत्सुकता नाही.

'शिखराला' चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यात चढण्याची कल्पना आहे आणि शिखरावर माणूस टिकून राहू शकतो, आपण म्हणतोच की यशाच्या शिखरावर दहा वर्षं होता. शीग टिकत नाही. ढीग एका उंचीपर्यंत चढतो आणि त्यानंतर टाकलेला प्रत्येक दाणा घसरून खाली जातो, माप हललं तरी शीग मोडते. म्हणून 'उत्सुकता आणखीनच शिगेला पोचली' हे वाक्य मला खटकतं, शिगेला पोचली म्हणजे आता जागा उरली नाही, त्यात 'आणखी' कुठून आणणार? आणि म्हणूनच दुसरा भाग जाहीर झाल्याची नुसती बातमी आली की 'उत्सुकता शिगेला' लिहिणं घाईचं आहे, मापाच्या तळाला चार दाणे पडले आणि आपण शीग म्हणतोय, मग ट्रेलर येईल तेव्हा काय लिहिणार?

आता ते चार शब्द. यातला सगळ्यात कामाचा फरक कुतूहल आणि उत्सुकतेतला आहे आणि तो ओळखायला व्याकरणच मदत करतं. कुतूहल 'वाटतं', उत्सुकता 'लागते' किंवा 'लागून राहते'. कुतूहल कशा'बद्दल' असतं, उत्सुकता कशा'ची' असते. कुतूहल 'चाळवतं' आणि उत्तर मिळालं की 'शमतं', उत्सुकता 'ताणली जाते' आणि 'ओसरते'. म्हणजे हे काय आहे हेच माहीत नसताना जे वाटतं ते कुतूहल, आणि काय आहे ते कळलंय पण अजून हातात आलेलं नाही तेव्हा लागते ती उत्सुकता. सायफाय सिनेमाच्या प्रसिद्धीत हा फरक इतका स्पष्ट दिसतो की मला वाटतं हे शब्द शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पहिल्या कल्कीचंच बघा. सुरुवातीला सिनेमाला धड नाव नव्हतं, 'प्रोजेक्ट के' एवढंच, आणि हा 'के' कशाचा यावर लोकांनी थिअऱ्यांचा पाऊस पाडला होता, कुणी कर्ण म्हणे, कुणी कल्की, कुणी काळ. २०२२ सरता सरता निर्मात्यांनी सिनेमा कसा घडतोय ते दाखवणाऱ्या 'फ्रॉम स्क्रॅच' मालिकेतला पहिला व्हिडिओ टाकला, त्यात ना हिरो ना कथा, फक्त एक टायर कसा बनवला ते दाखवलं, मेकॅनिक आणि आर्टवाली माणसं एका चाकावर गंभीरपणे चर्चा करतायत आणि आपण बघतोय. हे शंभर टक्के कुतूहल. मग जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळ्यात, नाव जाहीर झालं, 'कल्की २८९८ एडी', आणि 'के'बद्दलचं कुतूहल शमलं, पण त्याच नावाने नवं चाळवलं, कारण २८९८ हा आकडा कुणालाच लागेना. पुढे दिग्दर्शक नाग अश्विन यांनी हिशोब सांगितला, गोष्ट महाभारताच्या शेवटाशी सुरू होते, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२, तिथून ६००० वर्षं पुढे मोजली की २८९८ येतं. ज्यांनी आधीच बेरीज करून ठेवली होती त्यांचा त्या दिवशीचा आनंद मी पाहिलाय, आणि तो आनंद सिनेमा बघण्याचा नव्हता, कोडं सुटल्याचा होता. कुतूहलाचं फळ हेच असतं, ते सिनेमाच्या आधीच मिळू शकतं.

उत्सुकता मात्र सिनेमा हातात आल्याशिवाय फिटत नाही, आणि कल्कीत ती कधी सुरू झाली हे मला नेमकं दाखवता येतं. एप्रिल २०२४ मध्ये अमिताभ बच्चन अश्वत्थामा म्हणून समोर आले. अंगभर पट्ट्या, कपाळावर तो मणी. अश्वत्थामा कोण हे आपल्याला सांगावं लागत नाही, जखमेला तेल मागत दारोदार हिंडणारा चिरंजीव लहानपणापासून ऐकलेला असतो आणि नर्मदा परिक्रमा करून आलेल्या माणसाला 'तुम्हाला दिसला का हो' असं विचारणारे आजही भेटतात, आणि निर्मात्यांनी त्यासाठी जागाही नर्मदाकाठचं नेमावर निवडली होती. तर त्या क्षणी 'हा कोण' हा प्रश्नच उरला नाही, राहिला तो 'कधी बघायला मिळणार' हा. ही उत्सुकता. मग मे महिन्यात सिनेमातल्या नायकाची बुज्जी नावाची गाडी खरीखुरी बनवून रामोजी फिल्म सिटीत रस्त्यावर आणली, ६ टनांचं धूड, त्यानंतर शहराशहरांत फिरवली, १० जूनला ट्रेलर आला, बुकिंग उघडलं, लोक पहिल्या शोच्या तिकिटासाठी देव पाण्यात ठेवून बसले. सिनेमा लागला त्या २७ जूनच्या आदल्या आठवड्यात उत्सुकता शिगेला पोचली होती असं लिहिलं तर मी ते अक्षर अन् अक्षर मान्य करेन, कारण माप तळापासून थराथराने भरत आलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

मध्ये तारखाही सरकल्या, आधी १२ जानेवारी २०२४, मग ९ मे, मग २७ जून. त्या वेळी 'उत्सुकतेवर विरजण पडलं' असं बऱ्याच जणांनी लिहिलं, ते मला पटत नाही. विरजण आनंदावर पडतं, उत्साहावर पडतं. तारीख पुढे गेली की उत्सुकता ताणली जाते, आणि ज्याने सुट्टी टाकून ठेवली होती त्याचा हिरमोड होतो. जास्त ताणलं की तुटतं हे मराठीतच आहे, त्यामुळे 'ताणली' या शब्दात इशाराही आपोआप येतो, वेगळा द्यावा लागत नाही.

हॉलिवूडची दोन उदाहरणं याच फरकासाठी देतो. जुलै २००७ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या सिनेमाच्या आधी एक ट्रेलर दिसला, पार्टी चाललीय, स्फोट होतो, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं डोकं रस्त्यावर येऊन पडतं, आणि शेवटी नाव नाहीच, फक्त तारीख, १८ जानेवारी २००८. तो 'क्लोव्हरफिल्ड' होता हे नंतर कळलं. त्या ट्रेलरमध्ये कुणीतरी 'इट्स अलाइव्ह' असं ओरडतं, म्हणजे ते जिवंत आहे, आणि काही चाहत्यांनी ते 'इट्स अ लायन' असं ऐकलं, सिंह आहे म्हणे, आणि त्यावरून सिंहांचा रोबो बनतो त्या जुन्या व्होल्ट्रॉन कार्टूनचा सिनेमा येतोय अशी अख्खी थिअरी उभी राहिली. हे कुतूहलाचं टोक. याच्या अगदी उलट नोव्हेंबर १९९८, 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाचा टीझर थिएटरात लागला, आधीचा सिनेमा १९८३ चा, मध्ये इतकी वर्षं गेलेली, तर लोक दुसऱ्याच सिनेमाचं पूर्ण तिकीट काढून आत जायचे, तो टीझर बघायचे आणि मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आत उठून बाहेर यायचे. यांना ते जग पाठ होतं, नव्याने कळायचं फारसं काही नव्हतं, त्यांना फक्त ते परत हवं होतं. इथे कुतूहल हा शब्द तोकडा पडतो.

खरं तर इथे उत्सुकतासुद्धा थोडी कमी पडते, आणि म्हणून आपल्याकडे पुढचे दोन शब्द आहेत. उत्कंठा म्हणजे उत् अधिक कंठ, मान उंच करून बघणं. वाट बघताना शरीर जे करतं तेच शब्दात आलंय. गर्दीत मागे उभं राहून पडद्याकडे टाचा उंचावून बघणारा माणूस उत्कंठित. एक बारीक गोष्ट म्हणजे उत्कंठा सिनेमाच्या आतही असते, पुढच्या मिनिटाला काय होईल याची, म्हणून पटकथा 'उत्कंठावर्धक' असते, 'कुतूहलवर्धक' पटकथा कुणी म्हणत नाही. आणि आतुरता सगळ्यात तीव्र. संस्कृतात आतुर म्हणजे आजारीसुद्धा, मरणाच्या दारात घेतलेला संन्यास तो आतुरसंन्यास. तेव्हा आतुर माणसाला धीर निघत नाही, तो त्रासात असतो. गणपती मंडळांच्या बॅनरवर 'आतुरता आगमनाची' लिहितात ते मला अगदी योग्य वाटतं, वर्षभर वाट पाहिलेली असते आणि काय येणार याबद्दल तीळभर शंका नसते, फक्त दिवस जात नसतात. हल्ली तेच बोल सिनेमाच्या पोस्टरवर टाकतात, त्याला माझी हरकत नाही, फक्त ज्याची खरंच अशी वाट पाहिली जातेय त्याच सिनेमाला वापरावं, नाहीतर दर शुक्रवारी आतुर होणारा माणूस दिसतो आणि शब्द पातळ होतो.

हे सगळं 'हाइप' या एका शब्दात येतं असं कुणी म्हणेल, पण हाइप बाहेरून केली जाते, ती निर्मात्यांची. तिला मराठीत चक्क 'हवा' आहेच, हवा केली, हवा झाली, नुसतीच हवा होती. 'गाजावाजा' जरा जुना पण अजून चांगला चालतो. वरचे चारही शब्द मात्र बघणाऱ्याच्या आतले आहेत, हवा कितीही करा, उत्सुकता लागायची तरच लागते.

तर आता दुसऱ्या भागाबद्दल काय लिहायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की पहिल्या भागात सुमती झालेली दीपिका पदुकोण पुढच्या भागात नसेल, तेव्हा 'तिच्या जागी सुमती कोण होणार याबद्दल कुतूहल आहे' असं लिहा. पहिल्या भागाच्या शेवटी कमल हासनने केलेला खलनायक यास्किन गांडीव हातात घेतो आणि प्रभासचा भैरव म्हणजे कर्ण हे आपल्याला कळतं, त्यामुळे 'अश्वत्थामा आणि कर्ण पुढे काय करतात याची उत्सुकता लागून राहिलीय' हे बरोबर. आणि 'शिगेला' बुकिंग उघडेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.