प्रवास : वाचकांचे प्रश्न – बेनिडॉर्मला जायचे, पण बेताने

स्पेनच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावरील बेनिडॉर्म या गावाच्या सहलीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि १४ व ९ वर्षांची दोन मुले आठ-दहा दिवसांसाठी बेनिडॉर्मला जाण्याच्या विचारात आहोत. विमानाचे स्वस्त तिकीट मिळवण्याची काही युक्ती आहे का? तिकीट किती महिने आधी काढावे?

उत्तर : आपण तिकिटापासून सुरुवात केली आहे, मी दिनदर्शिकेपासून करीन, कारण या सहलीतील सर्वांत मोठी बचत तारखा ठरवतानाच होते किंवा हातची जाते. भूमध्य सागराच्या काठची पुष्कळ गावे, विशेषतः ग्रीसची लहान बेटे, हिवाळ्यात जवळजवळ मिटून जातात. बेनिडॉर्मचे तसे नाही. १९५६ साली नगरपालिकेने जो विकास आराखडा केला, त्यातून पुढे कमी जागेत उंच इमारतींचे गाव उभे राहिले, आणि स्पेनमधील निवृत्तांना सरकारी मदतीने हिवाळी सहली घडवणाऱ्या योजनेमुळे थंडीतही तेथील हॉटेलांचे दिवे चालू राहतात. म्हणून या गावी जाणाऱ्याला बारा महिन्यांतून निवड करता येते, आणि ही सवलत सोडून ऑगस्टमध्येच जाणे म्हणजे सर्वांत महाग दिवस मुद्दाम शोधून काढण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये स्वतः स्पॅनिश कुटुंबेच समुद्रावर आलेली असतात आणि १५ ऑगस्टच्या सार्वजनिक सुट्टीच्या आसपास खोली मिळणेही अवघड होते.

मुलांच्या शाळेमुळे आपले हात बांधलेले असतील, तर जूनचा पहिला पंधरवडा पाहावा. स्पेनमधील शाळा साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणि इंग्लंडमधील शाळा जुलैच्या उत्तरार्धात सुटतात, त्यामुळे हवा उन्हाळ्याची आणि दर मात्र पूर्ण हंगामाचे नाहीत, असा थोडा अवधी मिळतो. २० ते २४ जून या दिवसांत जवळच्या अलिकांते शहरात सान हुआनच्या होळ्यांचा मोठा उत्सव असतो. तो पाहायचा नसेल तर ते दिवस टाळावेत. शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ निवडावा. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही : मे महिन्यात ऊन छान असले तरी पाण्याचे तापमान १८-१९ अंशांच्या आसपास असते, तर ऑक्टोबरमध्ये ते २१-२२ अंश असते. मात्र याच शरद ऋतूत त्या किनाऱ्यावर एखाद-दुसऱ्या दिवशी फार जोराचा पाऊस कोसळू शकतो, हे धरून चालावे. ईस्टरचा आठवडा आणि नोव्हेंबरच्या मध्यावर येणारा गावचा उत्सव हे दोन्ही काळ खर्चिक आहेत.

आता तिकीट. अमुक वारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळते, या समजुतीमागे लागून झोप मोडू नये. विमानातील आसने वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकली जातात आणि स्वस्त गट भरला की पुढचा उघडतो, इतकेच त्यामागचे गणित आहे. लांबच्या प्रवासासाठी चार-पाच महिने आधीपासून दर पाहू लागावे, आणि जाण्याच्या व परतीच्या तारखेत दोन-तीन दिवस मागेपुढे सरकण्याची तयारी ठेवावी. कोणत्याही युक्तीपेक्षा ही लवचीकता अधिक पैसे वाचवते.

बेनिडॉर्मला स्वतःचा विमानतळ नाही. जवळचा विमानतळ अलिकांतेचा, आणि तेथे येणारी बहुतेक विमाने युरोपातील शहरांमधूनच येतात. त्यामुळे दुरून येणाऱ्याला वाटेत एकदा तरी विमान बदलावे लागते. अशा वेळी दोन पर्यायांची बेरीज शेजारीशेजारी मांडून पाहावी. पहिला, थेट अलिकांतेपर्यंतचे एकच तिकीट. दुसरा, माद्रिदपर्यंतचे विमान आणि पुढे रेल्वे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. माद्रिद ते अलिकांते हा वेगवान रेल्वेमार्ग २०१३ साली सुरू झाला, प्रवास साधारण अडीच तासांचा आहे, आणि आता त्या मार्गावर एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्या धावत असल्याने आधी काढलेली तिकिटे बरीच स्वस्त पडतात. गाड्या चामार्तिन स्थानकातून सुटतात, आणि विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलवरून तेथे उपनगरी गाडी जाते. परतीचे विमान अलिकांतेहून घेतले तरी चालते. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे एकत्रित तिकीट अनेकदा साध्या जाण्या-येण्याच्या तिकिटाइतक्याच दरात मिळते.

बेरीज करताना मोजणी हॉटेलच्या दारापर्यंत न्यावी. अलिकांते विमानतळावरून बेनिडॉर्मला थेट बस आहे, ती पाऊण ते एक तासात पोचवते आणि तिचे तिकीट टॅक्सीच्या तुलनेत नगण्य असते. रेल्वेने अलिकांतेला आलात, तर स्थानकापासून थोड्या पायी अंतरावरील लुसेरोस येथून निघणारी ट्राम किनाऱ्याकिनाऱ्याने सव्वा तासाच्या आसपास बेनिडॉर्मला नेते; सामान कमी असेल तर हाच प्रवास मुलांना सर्वांत जास्त आवडेल. युरोपातील स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात आसनाखाली मावणारी एक लहान पिशवीच धरलेली असते. चौघांच्या सुटकेसचे दोन्ही वेळचे पैसे, शेजारी बसण्याचे पैसे आणि चेक-इन आधी घरूनच न केल्यास विमानतळावर होणारी आकारणी मिळवली की स्वस्त तिकीट किती स्वस्त राहिले, ते कळते.

प्रश्न : गेल्या वर्षी पैसे वाचवण्यासाठी मी रोम ते माद्रिद आणि माद्रिद ते अलिकांते अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली. पहिले विमान साडेचार तास उशिरा पोचले, दुसरे निघून गेले आणि नवे तिकीट काढावे लागले. मला भरपाई मिळू शकली असती का?

उत्तर : अर्धी मिळू शकली असती. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला, कंपनी कोठलीही असो, २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, आणि युरोपीय न्यायालयाच्या २००९ सालच्या निकालानंतर तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोचलेल्या प्रवाशालाही विमान रद्द झाल्याप्रमाणेच भरपाई मागता येते. अंतर १,५०० किलोमीटरपर्यंत असेल तर २५० युरो, युरोपबाहेरील प्रवासात ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० युरो आणि त्यापुढे ६०० युरो, अशी तिची श्रेणी आहे. युरोपीय संघाच्या आतील १,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासालाही ४०० युरोच मिळतात. रोम ते माद्रिद हे अंतर पहिल्या श्रेणीत येते. खराब हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप अशी कंपनीच्या आवाक्याबाहेरची कारणे असतील तर ही रक्कम मिळत नाही, परंतु ताटकळलेल्या प्रवाशाचे खाणेपिणे आणि गरज पडल्यास रात्रीचा मुक्काम यांची जबाबदारी तरीही कंपनीवरच राहते. मागणी प्रथम कंपनीकडे लेखी करावी आणि विमानात चढण्याचा पास जपून ठेवावा.

दुसऱ्या तिकिटाचे पैसे मात्र आपले आपणच सोसायचे होते, कारण कायद्याच्या नजरेत ते दोन स्वतंत्र प्रवास होते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असती, तर पुढचे विमान मिळवून देणे कंपनीला भाग पडले असते. स्वतंत्र तिकिटे काढायचीच असतील तर मध्ये एक रात्र त्या शहरात राहावे; निदान ते शहर तरी पाहून होते. आणखी एक गोष्ट : स्वतंत्र तिकिटांत सामान मधल्या विमानतळावर स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते, म्हणजे त्या देशाच्या सीमेतून आत यावे लागते. तो देश शेंगेन क्षेत्राबाहेरचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरचा असेल, उदाहरणार्थ ब्रिटन, तर त्याचा वेगळा व्हिसा लागू शकतो, आणि वाचवलेल्या पैशांहून तो महाग पडतो.

प्रश्न : व्हिसा आधी की तिकीट आधी? नकार आला तर तिकिटाचे पैसे बुडतील, अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो, त्यांनी परताव्याची सोय असलेले किंवा केवळ आरक्षित केलेले तिकीट अर्जासोबत जोडावे आणि पक्के तिकीट व्हिसा हाती आल्यावर घ्यावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तो दिलाच पाहिजे. पंधरा दिवस ही कायद्याची मर्यादा आहे, शहाणपणाची नव्हे, कारण उन्हाळ्यापूर्वी भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. जून २०२४ पासून शुल्क बारा वर्षांपासून पुढच्या सर्वांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, त्याखालील मुलांना ते माफ आहे. पहिल्या पत्रातील चौघांचे कुटुंब याच शुल्काच्या कक्षेत येत असेल, तर केवळ त्यापोटी ३१५ युरो बाजूला ठेवावे लागतील, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची आकारणी वेगळी, आणि नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही. संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो.

स्पेनमध्ये प्रवेश करताना खर्चाची ऐपत दाखवण्यास सांगितले जाऊ शकते. तिचे मोजमाप दरडोई दररोज तेथील मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के असे आहे. २०२५ चे वेतन धरले तर सुमारे ११८ युरो. एवढे खर्च करावेच असा त्याचा अर्थ नाही, ते जवळ किंवा खात्यात असल्याचे दिसले पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र यांची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्याने पहिल्या युरोपीय विमानतळावरील रांगेसाठी तीन तास हाताशी ठेवून पुढचे विमान किंवा रेल्वे निवडावी.

प्रश्न : बेनिडॉर्ममध्ये राहावे कोठे? हॉटेल बरे की फ्लॅट?

उत्तर : गावाला दोन मोठे किनारे आहेत आणि त्यांच्या मधोमध, समुद्रात शिरलेल्या खडकावर जुने गाव वसले आहे. पूर्वेचा लेवांते सुमारे दोन किलोमीटरचा, गजबजलेला. पश्चिमेचा पोनिएंते सुमारे तीन किलोमीटरचा, रुंद आणि शांत. लेवांतेच्या टोकाला असलेल्या रिंकोन दे लोइक्स या भागात दर कमी दिसतात, पण तेथे ब्रिटिश पर्यटकांचे पब रात्री उशिरापर्यंत चालतात आणि बरीच हॉटेले चढावर आहेत. नकाशावर समुद्र सातशे मीटरवर दिसतो. परतताना तेच अंतर चढाचे असते. मुलांसह जाणाऱ्यांनी पोनिएंते किंवा जुन्या गावाची कड पाहावी.

आठवड्याहून कमी मुक्काम असेल, तर न्याहारी आणि एक जेवण धरून मिळणारी हॉटेलची खोली बहुधा फ्लॅटहून स्वस्त पडते, कारण शेकडो खोल्यांची मोठी हॉटेले एकमेकांशी चढाओढ करतात. स्पॅनिश भाषेत याला ‘मेदिया पेन्सिऑन’ म्हणतात. दुपारी बाहेर जेवायचे असल्यास ‘मेनू देल दिया’ म्हणजे ठरावीक किमतीचे पूर्ण जेवण मागावे; एकेक पदार्थ निवडण्यापेक्षा ते जवळजवळ नेहमीच फायद्याचे असते. शाकाहारी मंडळींनी मात्र रस्सा मांसाचा नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. फ्लॅट घेणार असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन संकेतस्थळांवर अल्पकाळासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना तो स्पेनभर बंधनकारक झाला आहे. बार्सिलोना किंवा मायोर्का येथे मुक्कामावर पर्यटक कर द्यावा लागतो. बेनिडॉर्म ज्यात येते त्या वालेन्सिया प्रांतसमूहाने असा कर मंजूर करून तो लागू होण्यापूर्वीच रद्द केला, त्यामुळे बेनिडॉर्मच्या बिलात तो येत नाही.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला फार चालवत नाही, पण समुद्रात पाय बुडवायची तिची फार इच्छा आहे. तिला घेऊन जाणे योग्य होईल का?

उत्तर : जरूर न्यावे, आणि या गावीच न्यावे. किनाऱ्याला लागून सपाट, रुंद पदपथ आहे. उन्हाळ्यात दोन्ही मोठ्या किनाऱ्यांवर चालण्यास अडचण असलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा असतात, लाकडी वाट वाळूवरून पाण्यापर्यंत जाते, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या खुर्चीत बसवून मदतनीस त्यांना समुद्रात नेतात. ही सोय हंगामापुरती आणि ठरावीक वेळेतच असते, म्हणून हॉटेल ठरवतानाच तिच्या तारखा विचारून घ्याव्यात आणि त्या जागेजवळची खोली घ्यावी.

विमानतळावर चाकांची खुर्ची आणि मदतनीस मिळणे हा युरोपीय नियमानुसार त्यांचा हक्क आहे आणि त्यासाठी काहीही पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र प्रवासाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे लागते. तिकीट काढतानाच तशी नोंद करावी, आणि त्यांच्यासाठी ट्रामपेक्षा थेट बस किंवा टॅक्सीच धरावी.